सैन्य पुढे सरकतच नाही: टर्न-बेस्ड गेममधल्या रखडलेल्या लढाईचं समस्या निवारण

इंदुरात गेम बनवणारी मराठी पोरं आता बरीच झालीत. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, नोकरी सांभाळून रात्री, नाहीतर दोघा-तिघांनी मिळून. त्यातल्या ज्यांनी टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने चाली करायच्या, लढाईचा गेम घेतलाय ते कधी ना कधी एकच तक्रार घेऊन येतात: "काका, एआय भित्री आहे, पुढेच येत नाही." एआय म्हणजे समोरच्या बाजूने खेळणारा कॉम्प्युटर. हा बिघाड मी इतक्या गेममध्ये दुरुस्त केलाय की आता लॅपटॉप उघडण्याआधीच कुठे बघायचं ते ठरलेलं असतं. एआयमध्ये तर मी सगळ्यांत शेवटी बघतो. कारण बसून राहणारं सैन्य भित्रं नसतं, त्याचं गणित बरोबर असतं. पुढे जाण्यात तोटा आहे असं तुमचेच आकडे त्याला सांगत असतात.

उदाहरणासाठी मी महिदपूरच्या लढाईचा मॅप घेतो, कारण आमच्याकडची निम्मी पोरं तोच करायला घेतात आणि त्यातच अडकतात. २१ डिसेंबर १८१७. शिप्रेच्या एका काठावर तोफा मांडून होळकरांची फौज, आणि समोरून उतारातून (नदी पायी ओलांडता येते त्या जागेतून) येणारी हिस्लॉप आणि माल्कम यांची इंग्रज फौज. प्रत्यक्षात इंग्रज तोफांच्या तोंडावर नदी ओलांडून आले, होळकरांचे गोलंदाज तोफा न सोडता लढले, आणि निकाल लागला. त्यानंतर ६ जानेवारी १८१८ला मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. गेममध्ये मात्र इंग्रज नदीच्या अलीकडे उभे, होळकर पलीकडे, आणि तिसाव्या टर्नलाही शिप्रेत कुणाचा पाय भिजलेला नसतो.

लक्षणं

पहिल्या आठ-दहा टर्नमध्ये एकही घाव पडत नाही. खेळणाऱ्याचं बोट सगळ्यांत जास्त वेळा "टर्न संपवा" या बटणावर पडतं.

दोन्ही सैन्यं एकमेकांपासून ठरावीक अंतरावर येऊन थांबतात, आणि ते अंतर प्रत्येक डावात तेच असतं. हे लक्षण दिसलं की निदान जवळपास झालंच. गल्लीच्या दोन टोकांना भुंकत उभ्या राहिलेल्या कुत्र्यांसारखं दृश्य दिसतं: आवाज खूप, पाऊल एकही नाही.

जो आधी आत शिरतो तो हरतो. बाजू अदलून बघितलं तरीही.

नवा खेळाडू धावून जातो, मार खातो आणि "गेम फार अवघड आहे" म्हणतो. मुरलेला खेळाडू बसून राहतो, जिंकतो आणि "गेम कंटाळवाणा आहे" म्हणतो. या दोन उलट तक्रारी एकाच वेळी येत असतील तर बिघाड एकच आहे, आणि तो हाच.

याच्यासारखा दिसणारा पण वेगळा एक आजार आहे. लढाई सुरू होते, पण दुसऱ्या चकमकीनंतर निकाल ठरून जातो आणि पुढचे पंधरा टर्न नुसती झाडलोट चालते. त्याचं मूळ खाली सहाव्या तपासणीत आहे. तुम्हाला तेवढंच दिसत असेल तर थेट तिथे जा.

१. आधी नोंद, मग औषध

खर्च शून्य, वेळ एक दुपार. प्रत्येक डावाच्या चार गोष्टी लिहा: पहिला घाव कितव्या टर्नला, कुणी घातला, त्या वेळी अंतर किती घरांचं होतं, आणि शेवटी कोण जिंकलं. दोन माणसांना समोरासमोर बसवून काही डाव खेळवा, आणि एआय विरुद्ध एआय वेगळे चालवा.

हे आधी का करायचं? माणसंही बसूनच राहत असतील तर एआय निर्दोष आहे, आणि तुमचे पुढचे कित्येक तास वाचले. हे न करता एआयच्या कोडमध्ये शिरलेली पोरं महिनाभराने तिथेच असतात.

आकड्यांच्या बाबतीत एक सावधगिरी. वीस डावांत पहिला घाव घालणारा चौदा वेळा जिंकला म्हणून लगेच आनंदू नका. निव्वळ नाणं उडवलं तरी वीसपैकी चौदा किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता जवळजवळ ६ टक्के असते. एआयचे डाव फुकट चालतात, दोनशे चालवा. दोनशेत १२०-८० असा निकाल आला तर मात्र तो योगायोग मानता येत नाही.

२. अंतर मोजा

बहुतेक वेळा बिघाड इथेच सापडतो, आणि दुरुस्ती एका ओळीची असते.

प्रत्येक तुकडीसाठी चाल (एका टर्नमध्ये ती किती घरं हलते) आणि मारा (किती घरांवर घाव घालते) यांची बेरीज करा. घोडदळाची चाल ५ आणि मारा १, म्हणजे एका टर्नमध्ये ते ६ घरांपर्यंत घाव घालू शकतं. तोफेची चाल २ आणि मारा ४, आणि हलल्यावरही ती डागता येत असेल तर तिचीही पोच ६. आता दोन्ही बाजूंची पोच ६ असल्यावर शहाणा माणूस कुठे उभा राहील? सातव्या घरावर. तो एक घर पुढे आला की समोरच्याला पहिला घाव मिळाला. म्हणून दोघेही सातवर, आणि दोघेही बरोबर. लक्षणांत "ठरावीक अंतर" म्हटलं ते हेच: मोठ्यात मोठी पोच अधिक एक. तुमच्या नोंदीतलं अंतर या बेरजेशी जुळलं की पुढचं काही तपासण्याआधी हे बदला.

पोच सगळ्यांची सारखी ठेवू नका. मला सगळ्यांत आवडणारा उपाय जुनाच आहे: तोफ हलली की त्या टर्नला डागता येणार नाही, आणि अगदी शेजारच्या घरावर तिला मारा करता येणार नाही. 'ॲडव्हान्स वॉर्स' या गेममध्ये २००१ पासून तोफखाना असाच आहे, मारा २ ते ३ घरं, आणि हलल्यावर मारा नाही. असं केलं की आपल्या उदाहरणातल्या तोफेची पोच ६ वरून ४ वर येते. घोडदळ पाचव्या-सहाव्या घरावर बिनधोक उभं राहून पुढच्या टर्नला तोफेवर पडू शकतं. म्हणून तोफेपुढे पायदळ लावावं लागतं, ते पायदळ फोडायला समोरच्याला आपली तोफ पुढे आणावी लागते, आणि ती आणताना तिला आडोसा द्यावा लागतो. बघता बघता लढाई सुरू झाली.

तोफेसमोर तोफ मात्र या नियमानेही अडून राहते, जी आधी चारच्या आत येईल ती मार खाईल. एका बाजूला नुसत्याच तोफा दिल्या असतील तर हा उपाय लागू पडणार नाही.

यावर "शत्रूची पोच लपवून टाकू, म्हणजे लोक चुकून आत येतील" असं सुचवणारे भेटतात. करू नका. दाखवलेली पोच बघून लोक नेमके एक घर बाहेर थांबतात हे खरं, पण लपवली तर ते बोटाने घरं मोजतात आणि तुम्हाला शिव्या देतात. 'इन्टू द ब्रीच' (२०१८) तर शत्रू पुढे कुठे घाव घालणार ते आधीच उघड दाखवतो, आणि तिथे कुणी बसून राहत नाही, कारण त्या गेममध्ये बसून राहिलं तर वाचवायच्या इमारती पडतात. त्यावरून पुढची तपासणी.

३. पुढे जायचं कारण आहे का?

"शत्रू संपवा" एवढीच जिंकायची अट असेल तर आज संपवला काय आणि पन्नासाव्या टर्नला काय, फरक नाही. मग घाई कोण करेल?

टर्नची मर्यादा घाला, पण वेळ संपल्यावर बरोबरी देऊ नका. बरोबरी दिलीत तर कमजोर बाजूला बसून राहायचं नवं कारण मिळतं. वेळ संपली की कोण हरलं ते आधी सांगा. महिदपुरात वेळ इंग्रजांवर लावा: इतक्या टर्नमध्ये पलीकडच्या काठावरच्या तोफा हाती आल्या नाहीत तर होळकर जिंकले. मग शिप्रा ओलांडावीच लागते.

दोन्ही बाजू समान असलेल्या मॅपवर मध्ये गावं ठेवा आणि गाव ज्याच्याकडे त्याला दर टर्नला पैसा. बसण्याला किंमत लागली की लोक उठतात. फक्त ती गावं दोन सैन्यांमधल्या त्या मोकळ्या घरांत असावीत. प्रत्येकाच्या पाठीमागे ठेवलीत तर तुम्ही बसण्यालाच पगार दिलात.

४. बचावाच्या सवलतींची बेरीज

इथे जरा थांबावं लागेल, कारण हे डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक सवलत वेगळी बघितली तर किरकोळ असते, आणि बहुतेकदा ती वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या माणसांनी घातलेली असते. एकाने खंदक आणला, दुसऱ्याने चढ-उतार, तिसऱ्याने नदीचा दंड. तिघांचंही म्हणणं रास्त असतं.

समजा डॅमेज, म्हणजे एका घावाने होणारं नुकसान, हे हल्ला वजा बचाव. दोन्ही पलटणींचा हल्ला १२, बचाव ८. मोकळ्या मैदानात जो तो ४ देतो आणि ४ घेतो. ठीक. आता समोरची पलटण खंदकात, बचाव +२. काठ उंच, +१. तिचा बचाव झाला ११, तुमचा घाव उरला १. तुम्ही नदीत उभे, बचाव -२, म्हणजे ६. तिचा उलटा घाव ६. तुम्ही १ देता आणि ६ घेता. एका-दोन गुणांच्या सवलतींनी बरोबरीची लढाई एकास सहावर नेली. अशा नदीत कुठला एआय उतरेल?

वजाबाकीच्या सूत्राचा हा स्वभाव आहे. हल्ला आणि बचाव जवळ आले की एकेक गुण राक्षसासारखा वाढतो: ४ वरून २ म्हणजे निम्मं, आणखी एक गेला की पाव. हे सूत्र वाईट नाही, बुद्धिबळासारखा डोक्यात हिशोब करता येतो म्हणून मला ते आवडतंही. पण त्यावर सवलतींचे थर चढवायचे नसतात. एक कडक नियम ठेवा: कितीही सवलती असोत, त्यांतली सगळ्यांत मोठी एकच लागेल.

थर हवेच असतील तर भागाकाराचं सूत्र घ्या: हल्ल्याचा वर्ग भागिले हल्ला आणि बचाव यांची बेरीज. वरचेच आकडे घातले तर मैदानात दोघांचाही घाव ७.२. खंदक आणि काठ धरून तुम्ही साधारण ६.३ देता, नदीचा दंड धरून ८ घेता. बचाव करणारा अजूनही वरचढ आहे, असायलाच हवा, पण आता दोन पलटणी एकावर घातल्या तर नदी ओलांडणं शहाणपणाचं ठरतं. सूत्र बदललं की हेल्थचे (तुकडी किती मार सोसेल त्याचे) आकडेही बदलावे लागतात, नाहीतर सगळे दुप्पट वेगाने मरायला लागतील.

तुमच्या गेमचा असा तक्ता एक्सेलमध्ये करा. उभ्या रांगेत जागा, आडव्या रांगेत तुकड्या, प्रत्येक खणात "दिलं किती, घेतलं किती". ज्या मॅपवर पुढे जायच्या एकाही वाटेवर दिलं हे घेतलंच्या आसपासही येत नाही, तो मॅप रखडणारच.

उलट्या घावाचंही इथेच बघा. 'ॲडव्हान्स वॉर्स'मध्ये तुकडीची जितकी हेल्थ कमी होते तितका तिचा घाव दुबळा होतो, त्यामुळे आधी मारणाऱ्याला दुबळा उलटा घाव मिळतो आणि हल्ला परवडतो. 'बॅटल फॉर वेसनॉथ'मध्ये तुकडी मरेपर्यंत पूर्ण जोरानेच मारते. पहिल्या पद्धतीने रखडलेली लढाई हलते, पण जो मागे पडला तो मागेच राहतो. दुसरी पद्धत हरणाऱ्याला शेवटपर्यंत आशा देते. एक निवडा, आणि का निवडली ते लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांनी टीममधलं कुणीतरी ती उलटी फिरवायला निघतंच.

५. बसून बरं होणं

छोटी गोष्ट, पण तपासा. बसलेल्या तुकडीला दर टर्नला मिळणारी हेल्थ आणि समोरून एका टर्नमध्ये तिच्यावर पडणारा मार, हे दोन आकडे शेजारी लिहा. बरं होणं माराच्या पाव हिश्श्याहून जास्त असेल तर मी ते कमी करतो. वेसनॉथमध्ये नुसत्या विश्रांतीला २ आणि गावात बसल्यास ८ मिळतात. म्हणजे बरं व्हायचंय तर जागा धरावी लागते, कुठेही बसून चालत नाही. हा फरक आकड्यापेक्षा महत्त्वाचा.

६. पहिल्या घावाची दहशत

इथून काम महाग होत जातं. वरचं सगळं झाल्याशिवाय हात घालू नका.

बहुतेक गेममध्ये एका बाजूच्या सगळ्या तुकड्या हलतात, मग दुसरीच्या. पाच विरुद्ध पाच असताना समोरच्याचा पूर्ण टर्न तुमच्या एकाच तुकडीवर पडला आणि ती गेली, तर तुमच्या उत्तराआधीच पाच विरुद्ध चार झालं. फरक एकाचा दिसतो. तो एकाचा नसतो. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनियरने पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडलेला हिशोब असा: सगळ्यांना सगळ्यांवर नेम धरता येत असेल तर सैन्याची ताकद संख्येच्या वर्गाप्रमाणे धरायची. पाचाचे २५, चाराचे १६, उरले ९. म्हणजे चारांचा फडशा पडेपर्यंत पाचांतले साधारण तिघे उभेच. बरोबरीच्या फौजा होत्या, एक घाव आधी पडला आणि निकाल लागला. हे खेळाडूला सूत्र माहीत नसतानाही कळतं, म्हणून तो सातव्या घरावर उभा राहतो. आणि चकमक झाल्यावर पुढचे पंधरा टर्न झाडलोट होते ती यामुळेच.

उपाय स्वस्तापासून सांगतो. एक, हेल्थ इतकी वाढवा की समोरचे सगळे मिळूनही एका टर्नमध्ये धड तुकडी पूर्ण मारू शकणार नाहीत, जखमी करतील. दोन, मॅपवर अरुंद जागा करा. षटकोनी घरांत एका तुकडीला सहा बाजूंनी घेरता येतं, कर्ण धरलेल्या चौकोनी घरांत आठ बाजूंनी. नदीचा उतार दोनच घरांचा ठेवला तर एका वेळी दोघेच भिडतात, मग वर्गाचा हिशोब ढिला पडतो आणि संख्येचा फायदा साधाच राहतो. पण अरुंद जागेच्या तोंडाशी पुन्हा तोफ ठेवलीत तर दुसऱ्या तपासणीवर परत या.

तीन, टर्नची रचनाच बदला: एक तुकडी तुमची, एक माझी. दहशत यानेच खऱ्या अर्थाने मोडते. पण यात एआय, स्क्रीन, सेव्ह फाइल आणि शिकवणीचे टप्पे सगळं नव्याने लिहावं लागतं. गेम अर्ध्याहून जास्त झाला असेल तर मी सहसा "करू नका" म्हणतो.

७. आता एआय

इथवर आलात आणि माणसं नीट लढतायत, फक्त कॉम्प्युटर बसतोय, तर मग दोष त्याचा. साधारण असं असतं की एआय फक्त या टर्नचा हिशोब करते. नदीत उतरल्याचा तोटा तिला दिसतो, तिसऱ्या टर्नला तोफ हाती येईल तो फायदा दिसत नाही. तेव्हा जागेला किंमत द्या: पलीकडच्या काठाला, गावाला, तोफेशेजारच्या घराला ठरावीक गुण, आणि अंतर कमी झालं की थोडे गुण.

नुसती आक्रमकता वाढवायचा मोह आवरा. वेसनॉथच्या एआयमध्ये असा आकडा आहेच, मुळात ०.४, आणि तो १ कडे नेला की एआय स्वतःचं नुकसान मोजणं सोडते. सैन्य पुढे येतं, हे खरं. ते मरायला येतं. चौथ्या तपासणीतला एकास सहाचा हिशोब तसाच ठेवून आक्रमकता वाढवणाऱ्याच्या गेमवर लोक आठवड्याभरात "कॉम्प्युटर मूर्ख आहे" असं लिहितात.

कुठे थांबायचं

तेच सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा), त्याच चाली, आणि दोन मशीनवर निकाल वेगळा येत असेल तर ताबडतोब थांबा. हा डिझाइनचा बिघाड नाही. अपूर्णांकांची आकडेमोड वेगवेगळ्या प्रोसेसरवर किंवा कंपायलरमध्ये किंचित वेगळी होणं, नाहीतर रँडम आकडा दोन ठिकाणी वेगळ्या क्रमाने उचलला जाणं, अशी त्याची कारणं असतात. ते निस्तरेपर्यंत तुमची दोनशे डावांची नोंदही बिनकामाची. मल्टिप्लेअर केलेला नेटवर्क प्रोग्रामर गाठा.

गेम बाजारात गेलाय, लोकांच्या सेव्ह फाइली आहेत आणि डॅमेजचं सूत्र किंवा टर्नची रचना बदलायची आहे, तर हे काम आधी केलेल्या माणसाकडूनच करवून घ्या.

आकडे बरोबरीचे येतात, एआय नीट चालते, तरी लोक बसूनच राहतात, असंही होतं. मग गणित सोडा. लोकांना काहीतरी दिसत नाहीये. स्क्रीनच्या डिझाइनचं काम करणाऱ्याला बोलवा आणि अनोळखी माणसाच्या शेजारी गप्प बसून त्याला खेळताना बघू द्या. तुम्ही तिथे बसू नका, तुम्ही मध्ये बोलाल.

डावावर पैसे लावायची कल्पना कुणी काढली तर आधी वकील. २०२५च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणलीय, त्यात कौशल्याचा खेळ आहे ही सबब चालत नाही.

प्रोग्रामरकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. सीड, पहिल्या टर्नपासूनच्या सगळ्या चालींची यादी, आणि ज्या टर्नला निकाल पहिल्यांदा वेगळा झाला त्या टर्नअखेरची दोन्ही मशीनवरची हेल्थ, एवढं एका फाइलीत द्या. नुसता "कधीकधी वेगळं येतं" असा स्क्रीनशॉट दिलात तर पहिले दोन दिवस तो हेच गोळा करण्यात घालवेल, आणि त्याचे पैसे तुम्हालाच द्यावे लागतील.